थ्रीडी घराचा व्ह्यू बिघडलाय? प्रिंटवर माप चुकतंय? आधी ही सेटिंग्ज तपासा

गेल्या वर्षी आमच्या नव्या फ्लॅटचं किचन मी स्वतः डिझाइन केलं. घरात इंजिनिअर मुलगा असताना डिझायनरला पैसे कशाला द्यायचे, असं बाबांचं म्हणणं. मीही खूश. मोफत सॉफ्टवेअर, दोन रविवार आणि लॅपटॉपवर किचन तयार! आईला थ्रीडीमध्ये फिरवून दाखवलं, तिलाही आवडलं.

फ्लॅटचा ताबा मिळायला अजून महिना होता, पण सुतारकाकांना ट्रॉल्यांचं काम आधीच सुरू करायचं होतं. म्हणून मी प्लॅनची पीडीएफ बनवली, झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढली आणि काकांना दिली. कागदावर खाली 'स्केल १:५०' असं छापलेलंच होतं. काकांनी फुटपट्टी लावली, पन्नासने गुणलं आणि प्लायवूड कापलं.

ताबा मिळाल्यावर ट्रॉल्या बसवल्या. भिंत ३ मीटरची, ट्रॉल्यांची रांग २ मीटर ८८ सेंटीमीटरची. म्हणजे १२ सेंटीमीटरची, जवळजवळ पावणेपाच इंचांची फट. त्यात आई किचनमध्ये उभी राहून म्हणाली, "अरे, तू दाखवलंस तेव्हा तर हे केवढं मोठं दिसत होतं!"

दोन्ही चुका माझ्याच होत्या. सॉफ्टवेअरमध्ये काहीही बिघाड नव्हता. एक चूक कॅमेऱ्याच्या सेटिंगची आणि दुसरी कागदाच्या सेटिंगची. नंतर शोधत बसलो तेव्हा कळलं की होम डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये लोकांना ज्या अडचणी येतात, त्यातल्या बहुतेक याच दोन ठिकाणी असतात. त्या कशा ओळखायच्या आणि कशा सोडवायच्या, ते आज बघू.

उदाहरणांसाठी दोन सॉफ्टवेअर घेतली आहेत. पहिलं स्वीट होम थ्रीडी. फ्रान्समधल्या इमॅन्युएल प्युबारे यांनी बनवलेलं हे मोफत आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर २००६ पासून उपलब्ध आहे, आणि त्याची मोबाइल आवृत्तीही आहे. दुसरं स्केचअप. ते २००० मध्ये बाजारात आलं, २००६ मध्ये गूगलने घेतलं आणि २०१२ पासून ते ट्रिंबल कंपनीकडे आहे. तुमच्याकडे दुसरं एखादं ॲप असेल तरी काळजी नको. मेनूची नावं बदलतील, आतलं गणित तेच राहील.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

सॉफ्टवेअरमध्ये घर एकच असतं. त्यालाच मॉडेल म्हणतात. भिंत ३ मीटर म्हणजे ३ मीटर, हा आकडा फाइलमध्ये नीट साठवलेला असतो. पण ते घर तुम्ही दोन वेगळ्या मार्गांनी बघता.

पहिला मार्ग कॅमेरा. घर *कसं दिसेल* हे तो सांगतो. दुसरा मार्ग लेआउट, म्हणजे छापायचं पान. घर *किती मापाचं आहे* हे ते सांगतं. कॅमेऱ्यातून माप काढायला गेलात की फसलात. आणि पानाचं स्केल बिघडलं असेल तर मापही खोटं.

त्यामुळे काही विचित्र दिसलं की लगेच भिंती हलवायला जाऊ नका. आधी स्वतःला विचारा: घर चुकलंय की माझी बघण्याची पद्धत चुकली आहे? मॉडेलमध्ये त्या भिंतीवर क्लिक करा आणि तिची लांबी वाचा. आकडा बरोबर असेल तर घर ठीक आहे. मग फक्त कॅमेरा किंवा पान दुरुस्त करायचं.

भाग १: कॅमेरा

सॉफ्टवेअरमधला कॅमेरा म्हणजे एक अदृश्य माणूस समजा. त्याच्याबद्दल चार गोष्टी माहीत असल्या की झालं: तो कुठे उभा आहे, कुठे बघतोय, त्याच्या नजरेत किती रुंद भाग मावतो, आणि किती जवळचं व किती लांबचं त्याला दिसतं. खालच्या सगळ्या अडचणी या चारपैकी एकीत बसतात.

अडचण १: स्क्रीन रिकामी, घरच गायब

सगळ्यात जास्त घाबरवणारी आणि सगळ्यात सोपी अडचण. बहुतेक वेळा कॅमेरा भिंतीच्या आत, कपाटाच्या आत किंवा घराबाहेर पाठ करून उभा असतो.

असं का होतं? फोनच्या कॅमेऱ्यात आपण दोन बोटांनी झूम करतो तेव्हा आपण जागेवरच असतो, फक्त चित्र मोठं होतं. इथे तसं नाही. स्केचअपमध्ये माउसचं चाक फिरवून झूम केलं किंवा स्वीट होमच्या 'व्हर्च्युअल व्हिजिट'मध्ये चाक फिरवलं, की कॅमेरा खरोखर *चालत* पुढे जातो. समोर भिंत आली तरी थांबत नाही, आरपार जातो. तुम्हाला वाटतं आपण जवळून बघतोय, आणि तो केव्हाच शेजाऱ्याच्या हॉलमध्ये पोहोचलेला असतो.

उपाय:

- स्केचअपमध्ये 'झूम एक्स्टेंट्स' वापरा. कीबोर्डवर शिफ्ट आणि झेड एकत्र दाबा. पूर्ण मॉडेल स्क्रीनवर येतं.
- स्वीट होममध्ये थ्रीडी व्ह्यू मेनूतून आधी 'एरियल व्ह्यू' निवडा, म्हणजे घर वरून दिसेल. मग परत 'व्हर्च्युअल व्हिजिट'ला या. वरच्या टूडी प्लॅनमध्ये माणसाचं छोटं चिन्ह दिसतं, तोच तुमचा कॅमेरा. त्याला माउसने उचलून खोलीत ठेवा आणि हवं तिकडे वळवा.

झूम एक्स्टेंट्स केल्यावर घर मुंगीएवढं दिसलं तर? म्हणजे कुठेतरी खूप लांब एखादी फालतू वस्तू पडली आहे. डाउनलोड केलेल्या सोफ्याबरोबर आलेली एखादी रेघ किंवा चुकून पेस्ट झालेली खुर्ची. 'सगळं दाखव' म्हटल्यावर सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे तीही दाखवतं. ती शोधा आणि उडवा.

डाउनलोड केलेल्या मॉडेलच्या युनिटचाही घोळ असू शकतो. मिलिमीटरमध्ये बनवलेली वस्तू इंच समजून उघडली तर ती २५.४ पट मोठी येते. २ मीटरचा पलंग ५० मीटरचा झाला, तर घर दिसणार कुठून?

अडचण २: भिंत किंवा फर्निचर मधूनच कापलेलं दिसतं

कोपऱ्याजवळ गेलात की ओट्याचा अर्धा भाग सुरीने कापल्यासारखा गायब होतो. याला क्लिपिंग म्हणतात.

थ्रीडी चित्र बनवताना कॉम्प्युटर कॅमेऱ्यासमोर दोन अदृश्य पडदे धरतो, एक अगदी जवळ आणि एक खूप लांब. या दोन पडद्यांच्या मधलं जे असेल तेवढंच काढलं जातं. जवळच्या पडद्याच्या अलीकडे आलेली वस्तू कापली जाते.

मग तो पडदा डोळ्याला चिकटवूनच का ठेवत नाहीत? कारण प्रत्येक पिक्सेलसाठी 'ही वस्तू किती लांब आहे' असा एक आकडा साठवावा लागतो, आणि त्या आकड्याला मोजकीच जागा असते. जवळचा पडदा फार जवळ आणि लांबचा फार लांब ठेवला, तर पुढे काय आणि मागे काय हे अचूक ठरवता येत नाही. म्हणून सॉफ्टवेअर मॉडेलच्या आकाराकडे बघून पडदे ठरवतं. मॉडेल पसरट असेल तर जवळचा पडदाही पुढे सरकू शकतो, आणि तुमचा ओटा कापला जातो.

उपाय:

- वर सांगितलेली लांबची फालतू वस्तू काढा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं.
- स्केचअपमध्ये कॅमेरा मेनू बघा. 'पॅरलल प्रोजेक्शन' चालू असेल तर 'पर्स्पेक्टिव्ह' करा आणि झूम एक्स्टेंट्स देऊन परत आत या.
- मॉडेल मूळ बिंदूपासून, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या रेषा मिळतात तिथून, खूप दूर असेल तर उचलून जवळ आणा.
- एवढं करूनही होत नसेल तर कॅमेरा एक पाऊल मागे घ्या.

अडचण ३: खोली आहे त्यापेक्षा मोठी दिसते

आईची तक्रार हीच होती. आणि ही अडचण सगळ्यात धोकादायक, कारण ती अडचण वाटतच नाही. चित्र इतकं छान दिसतं!

तुमच्या फोनमध्ये ०.५एक्स असा पर्याय असेल तर तो दाबून बघा. तीच बेडरूम एकदम मोठी वाटते. कारण फोनचा नेहमीचा कॅमेरा आडवा धरल्यावर साधारण ७० अंशांचा भाग टिपतो आणि अल्ट्रावाइड शंभराच्या वर जातो. सॉफ्टवेअरमध्ये या कोनाला 'फील्ड ऑफ व्ह्यू' म्हणतात.

थोडं गणित करू. कॅमेऱ्यापासून ३ मीटरवर भिंत आहे:

- कोन ६० अंश असेल तर भिंतीचा साधारण ३.४६ मीटर भाग चित्रात मावतो.
- कोन ९० अंश केला तर बरोबर ६ मीटर मावतो.

म्हणजे स्क्रीन तेवढीच, पण तिच्यात जवळजवळ पावणेदोनपट रुंदी कोंबली. त्यामुळे समोरची भिंत लहान होते, लांब गेल्यासारखी वाटते, आणि डोक्याला वाटतं की खोली प्रशस्त आहे. मी किचनचा व्ह्यू ९५ अंशांवर ठेवला होता, कारण त्याशिवाय पूर्ण ओटा एका चित्रात येत नव्हता. आईला मी खोटं सांगितलं नाही, पण खरंही दाखवलं नाही.

उपाय: स्वीट होममध्ये 'मॉडिफाय व्हर्च्युअल व्हिजिटर' उघडा. तिथे जागा, डोळ्यांची उंची, दोन्ही कोन आणि फील्ड ऑफ व्ह्यू असे सगळे आकडे एकाच खिडकीत मिळतात. मूळ फील्ड ऑफ व्ह्यू ६३ अंश असतो. घरच्यांना दाखवताना ५५ ते ६५ च्या आसपास राहा. डोळ्यांची उंचीही बघा. घरात ज्या बाईमाणसाला किचन वापरायचं आहे तिची उंची पाच फूट असेल, तर तिचे डोळे साधारण १४० सेंटीमीटरवर असतात. तोच आकडा टाका. वरचं कपाट तिला किती उंच वाटेल, हे तेव्हाच कळतं.

स्केचअपमध्ये कॅमेरा मेनूत फील्ड ऑफ व्ह्यू आहे, मूळ आकडा ३५ अंश. हे वाचून गोंधळू नका. स्केचअप हा कोन वर-खाली मोजतं, स्वीट होम आडवा मोजतं. १६:९ च्या स्क्रीनवर वर-खाली ३५ अंश म्हणजे आडवे साधारण ५८ अंश. त्यामुळे एका सॉफ्टवेअरचा आकडा दुसऱ्यात जसाच्या तसा टाकू नका.

आणि हो, ही युक्ती दुसरीकडेही उपयोगी पडते. फ्लॅटच्या जाहिरातीतलं चित्र बघताना कडेचा सोफा किंवा कुंडी बाहेरच्या बाजूला ताणल्यासारखी दिसते का, ते बघा. दिसत असेल तर कोन मोठा आहे. मग चित्र सोडा आणि कार्पेट एरिया विचारा.

अडचण ४: उभ्या भिंती तिरक्या दिसतात

कॅमेरा थोडा वर किंवा खाली बघत असला की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात. उंच इमारतीचा फोटो खालून काढल्यावर ती मागे कललेली वाटते, तसंच. भिंत सरळच आहे, नजर कललेली आहे.

उपाय: स्वीट होममध्ये वर-खाली बघण्याचा कोन शून्य करा. छत जास्त आणि फरशी कमी दिसत असेल तर कोन बदलू नका, डोळ्यांची उंची कमी करा. स्केचअपमध्ये कॅमेरा मेनूत 'टू-पॉइंट पर्स्पेक्टिव्ह' निवडा, उभ्या रेषा उभ्या राहतात. फक्त त्यानंतर व्ह्यू फिरवला की ते बंद होतं, म्हणून आधी जागा पक्की करा आणि हे शेवटी करा.

अडचण ५: फरशी किंवा टाइल्स लुकलुकतात

कॅमेरा हलवताना फरशीवर दोन रंगांची झुंज दिसते. कारण दोन पृष्ठभाग अगदी एकाच उंचीवर आहेत, फरशी आणि तिच्यावर ठेवलेला गालिचा, दोन्ही शून्यावर. पुढे कोण हे कॉम्प्युटरला ठरवता येत नाही, म्हणून दर फ्रेमला उत्तर बदलतं.

उपाय: वरच्या वस्तूला थोडी उंची द्या, अर्धा सेंटीमीटर पुरेसा आहे. खऱ्या गालिच्यालाही जाडी असतेच की!

अडचण ६: मस्त व्ह्यू मिळाला होता, आता सापडत नाही

मिळाला तेव्हाच जपून ठेवायचा. स्वीट होममध्ये थ्रीडी व्ह्यू मेनूतून 'स्टोअर पॉइंट ऑफ व्ह्यू' करा आणि नाव द्या: 'किचन दारातून', 'किचन खिडकीतून'. स्केचअपमध्ये त्याला 'सीन' म्हणतात. सीन बनवल्यावर कॅमेरा हलवलात तर तो बदल आपोआप जपला जात नाही, सीनवर राइट क्लिक करून 'अपडेट' द्यावं लागतं. 'मी बदललं होतं, पण परत जुनंच येतं' या तक्रारीचं कारण बहुतेकदा हेच असतं.

भाग २: पान आणि प्रिंट

आता त्या १२ सेंटीमीटरच्या फटीकडे येऊ.

अडचण ७: स्केल लिहिलंय, पण माप जुळत नाही

१:५० म्हणजे कागदावरचा १ सेंटीमीटर हा घरातला ५० सेंटीमीटर. ३ मीटरची भिंत कागदावर ६० मिलिमीटर यायला हवी. माझ्या पीडीएफमध्ये ती ६० मिलिमीटरच होती. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मात्र प्रिंट देताना 'फिट टू पेज' चालू होतं. प्रिंटर कागदाच्या कडेपर्यंत छापू शकत नाही, म्हणून त्याने पूर्ण पान ९६ टक्क्यांवर आणलं. ६० चे झाले ५७.६ मिलिमीटर. त्याला पन्नासने गुणा: २ मीटर ८८ सेंटीमीटर. सुतारकाकांचं गणित अगदी बरोबर होतं!

लक्षात घ्या, कागदावरची 'स्केल १:५०' ही अक्षरं मात्र तशीच राहिली. चित्र आकसलं तरी अक्षरांना ते कळत नाही.

उपाय:

- प्रिंट देताना 'ॲक्चुअल साइज' किंवा '१०० टक्के' निवडा. दुकानात सांगायचं असेल तर सरळ म्हणा, "दादा, फिट टू पेज नको, ॲक्चुअल साइज द्या."
- प्लॅनच्या कोपऱ्यात ५ मीटर लांबीची एक रेघ काढून ठेवा. १:५० ला ती कागदावर बरोबर १० सेंटीमीटर यायला हवी. प्रिंट हातात आली की दुकानातच फुटपट्टी लावा. ९.६ आली तर परत काढा. पुढचा खर्च प्लायवूडचा असतो, कागदाचा नाही.
- आणि सगळ्यात महत्त्वाचं: मापं आकड्यांत लिहा. प्रत्येक भिंतीला, दाराला, खिडकीला डायमेन्शन लाइन द्या. कागद कितीही आकसला तरी '३००' हा आकडा ३००च राहतो. मी 'स्केल दिलंय ना' म्हणून आकडे लिहिले नव्हते. खरी चूक तीच.

अडचण ८: कागदाचा आकार जुळत नाही

ए-३ साठी बनवलेलं पान ए-४ वर छापलं तर ते साधारण ७१ टक्के होतं, म्हणजे १:५० चं १:७१ होतं. असल्या स्केलला कुठलीच फुटपट्टी लागत नाही. दुसरा छुपा घोळ 'लेटर' साइजचा. काही सॉफ्टवेअरमध्ये अमेरिकेतला लेटर कागद आधीच निवडलेला असतो, २१६ बाय २७९ मिलिमीटरचा. आपला ए-४ आहे २१० बाय २९७. दोन्ही दिसायला सारखे, पण एकावरून दुसऱ्यावर छापताना कडा कापल्या जातात किंवा चित्र लहान होतं.

उपाय: काम सुरू करतानाच पेज सेटअपमध्ये ए-४ निवडा, आडवं की उभं तेही ठरवा. शेवटी बदललं तर मांडणी पुन्हा करावी लागते.

अडचण ९: प्लॅन दोन-चार पानांवर फुटतो

तुम्ही निवडलेल्या स्केलला घर पानापेक्षा मोठं आहे. ए-४ ला चारही बाजूंनी १० मिलिमीटर समास सोडला की १९० बाय २७७ मिलिमीटर जागा उरते. त्यात काय मावतं?

- १:१०० ला १९ बाय २७.७ मीटर: पूर्ण बंगला आणि अंगणसुद्धा.
- १:५० ला ९.५ बाय १३.८५ मीटर: वन बीएचके आरामात, टू बीएचकेही बहुतेकदा.
- १:२० ला ३.८ बाय ५.५४ मीटर: एक किचन किंवा एक बेडरूम.

स्वीट होमच्या पेज सेटअपमध्ये फर्निचरची यादी, प्लॅन आणि थ्रीडी चित्र यातलं काय छापायचं ते निवडता येतं. प्लॅनसाठी 'पानात मावेल तसं' किंवा स्वतःचं स्केल असे दोन पर्याय आहेत. पहिला पर्याय निवडला तर स्केल काहीही विचित्र येऊ शकतं. घरच्यांना दाखवायला तो ठीक. सुतार किंवा मिस्त्रीला द्यायचं असेल तर १:५० किंवा १:२० स्वतः टाका.

अडचण १०: आकडे इतके बारीक की वाचताच येत नाहीत

प्लॅनमध्ये लिहिलेली अक्षरं मॉडेलचाच भाग असतील तर तीही स्केलप्रमाणे आकसतात. मॉडेलमध्ये १८ सेंटीमीटर उंचीचं अक्षर १:५० ला कागदावर ३.६ मिलिमीटर येतं, पण १:१०० ला फक्त १.८ मिलिमीटर. चष्मा लावूनही सुतारकाकांना ते दिसणार नाही.

उपाय: आधी स्केल ठरवा, मग अक्षरांचा आकार. कागदावर अडीच ते तीन मिलिमीटर उंची हवी असेल तर तिला स्केलने गुणा: ३ गुणिले ५० म्हणजे मॉडेलमध्ये १५ सेंटीमीटर. युनिटही बघा. कारागीर फूट-इंचात काम करत असतील तर सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये फूट-इंच निवडूनच प्रिंट काढा. त्यांच्या डोक्यात हिशोब करायला लावू नका, चूक तिथेच होते.

अडचण ११: थ्रीडी चित्रावर स्केल लावता येत नाही

लावता येणारच नाही! पर्स्पेक्टिव्ह चित्रात जवळचं मोठं आणि लांबचं लहान असतं, मग एकच स्केल कसं असेल? स्केचअपच्या प्रो आवृत्तीबरोबर 'लेआउट' नावाचं पान मांडायचं सॉफ्टवेअर येतं. त्यात चित्राला स्केल द्यायचं तर व्ह्यू आधी 'ऑर्थो', म्हणजे पॅरलल प्रोजेक्शनमध्ये असावा लागतो. म्हणून सीन बनवतानाच दोन गट करा: दाखवायचे सीन पर्स्पेक्टिव्हमध्ये, मापाचे सीन वरून किंवा समोरून, पॅरललमध्ये.

अडचण १२: मॉडेल बदललं, पण पानावर जुनंच

लेआउट सॉफ्टवेअर मॉडेलची फाइल जोडून ठेवतं. मॉडेल बदलून सेव्ह केलं तरी पानावर 'अपडेट मॉडेल रेफरन्स' दिल्याशिवाय नवीन चित्र येईलच असं नाही. पीडीएफचं तर त्याहून सोपं: ती काढली त्या क्षणी गोठते. नंतर तुम्ही ओटा हलवलात, तिला पत्ता नाही.

उपाय: फाइलच्या नावात तारीख टाका. 'किचन फायनल', 'किचन फायनल नवीन', 'किचन खरंच फायनल' अशी नावं ठेवलीत तर कारागिराच्या फोनमध्ये कोणती उघडेल ते देवच जाणे. नवीन पाठवताना "जुनी डिलीट करा" असा मेसेजही करा.

फोनवरून काम करत असाल तर

स्क्रीनशॉटला स्केल नसतं. तुम्ही बोटांनी मोठा-लहान केला की संपलं. म्हणून मापासाठी स्क्रीनशॉट कधीच पाठवू नका. व्हॉट्सॲपवर पाठवताना प्लॅन फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो, आकडे पुसट होतात आणि कागदाचा आकारही हरवतो. फोनच्या उभ्या स्क्रीनवर काही ॲप्समध्ये आडवा कोन अरुंद होऊ शकतो, त्यामुळे व्हर्च्युअल व्हिजिट बघताना फोन आडवा धरा.

कारागिराला कागद देण्याआधी एवढं करा

१. मॉडेलमध्ये भिंतीवर क्लिक करून लांबी प्रत्यक्ष मापाशी जुळते का बघा.
२. कॅमेरा डोळ्यांच्या खऱ्या उंचीवर, वर-खाली कोन शून्य, आडवा कोन ५५ ते ६५.
३. कागद ए-४, स्केल १:५० किंवा १:२०.
४. सगळी मापं आकड्यांत, कारागिराच्या युनिटमध्ये.
५. तपासणीची ५ मीटरची रेघ पानावर.
६. प्रिंट 'ॲक्चुअल साइज'मध्ये, दुकानातच फुटपट्टी लावून बघितलेली.
७. फाइलच्या नावात तारीख.
८. आणि जमेल तेव्हा जागेवर जाऊन टेपने परत एकदा माप. कागदावर सगळं बरोबर असलं तरी प्लास्टर आणि टाइल्समुळे भिंत एक-दोन सेंटीमीटर इकडेतिकडे होतेच.

आमच्या फटीचं काय झालं? सुतारकाकांनी उरलेल्या प्लायवूडचा एक अरुंद खण बनवून तिथे बसवला, वर पैसेही घेतले नाहीत. आई त्यात पोळपाट, लाटणं आणि ताटं उभी ठेवते. पाहुणे आले की "ही आयडिया छान आहे हं" म्हणतात. आई माझ्याकडे बघते आणि काही बोलत नाही.

मागच्या महिन्यात मावशीच्या घरचा प्लॅन करायला बसलो, तेव्हा सगळ्यात आधी ५ मीटरची रेघ काढली.